वैनगंगेची पाठवणी

आमच्या घरात दोन बायका आणि एक सवत आहे, असं आई चेष्टेनं म्हणायची. बायका म्हणजे ती आणि मी. सवत म्हणजे आयएनएस वैनगंगा.

ही सवत कधी घरी आली नाही. येणं शक्यही नव्हतं. वैनगंगा ही नौदलाची फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराची युद्धनौका, आणि आम्ही राहतो नागपुरात, तांडापेठेत. इथून कुठल्याही दिशेनं समुद्र गाठायचा म्हटलं तर एक रात्र रेल्वेत जाते. गावात नदी आहे, पण तिला नदी म्हणायलाही मन मोठं लागतं.

माझे बाबा, रामाजी पराते, या जहाजावर बारा वर्षं होते. घर कोष्ट्यांचं. आजोबा हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचे, त्यांचे वडीलही तेच करायचे. त्या खड्ड्यातून उठून आपला पोरगा थेट समुद्रावर कशाला गेला, हे आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही. बाबांना विचारलं की ते म्हणत, “धागा असो का दोर, काम तेच.” जहाजावरचे दोर, नांगर आणि होड्या त्यांच्याकडे असत. आणि शिट्टी.

ती शिट्टी आमच्या देवघराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असते. पीटीच्या सरांची असते तशी नाही. बोटभर लांबीची वाकडी नळी आणि टोकाला पोकळ गोटी. कप्तान किंवा कुणी मोठा माणूस जहाजावर चढताना-उतरताना ती वाजवायची. लहानपणी मी आणि माझा भाऊ सौरव तिच्यासाठी भांडायचो. एकदा मी फुंकलीच, तर बाबांनी ती हातातून काढून घेतली. रागावले नाहीत. समोर बसवून समजावलं, की ही खेळायची नाही, मानाची आहे. ज्याच्यासाठी वाजवतो तो माणूस पलीकडे पाऊल ठेवेपर्यंत ती थांबवायची नसते. मध्येच श्वास तुटला तर त्या माणसाचा अपमान होतो.

“मग माह्यासाठी वाजवा ना,” मी म्हटलं.

“तू कप्तान झाली की वाजवतो.”

मी काही कप्तान झाले नाही. शाळेत इंग्रजी शिकवते. मधल्या काळात माझं एक लग्न झालं, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव घालून, आणि ते मोडलं. का मोडलं ते सांगत बसत नाही; ज्यांना चघळायचं होतं त्यांनी चघळून झालं आहे. तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून दोन बॅगा घेऊन परत आले. स्टेशनवरून फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, “ऑटो मागच्या बोळीत आण. मी दार उघडून ठेवतो.”

आमच्या घराला दोन दारं. पुढचं गल्लीत उघडतं. गल्लीत ओटे आहेत, ओट्यांवर माणसं आहेत आणि माणसांना डोळे आहेत. मागचं दार बोळीत उघडतं. तिथून सिलिंडर येतो आणि रद्दी जाते. त्या दारानं मी घरात आले. बाबांनी दोन्ही बॅगा उचलल्या, एक शब्द न बोलता आत ठेवल्या आणि दाराला कडी घातली. आईनं ताट वाढलं, मी जेवले. पण ती कडी घातल्याचा आवाज माझ्या कानातून काही गेला नाही.

यंदा माझं दुसरं लग्न ठरलं. गौरांग कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा व्यापार करतो, काटोलकडे त्यांची बाग आहे. त्याच्या शर्टाला कायम संत्र्याच्या सालीचा वास येतो. तो बोलतो कमी, हसतो जास्त. त्याचंही एक लग्न मोडलेलं आहे, पण त्याला कुणी मागच्या दारानं घरात घेतलं नव्हतं.

लग्न कसं करायचं हे ठरवायला बाबांची थोरली बहीण, इंदूआत्या, आली. चहाची बशी तोंडाला लावता लावता म्हणाली, “दुसऱ्यांदाचं आहे गा रामा. मांडव-बिंडव काहून घालतं? सेकंडहँड गाडीची कोणी पूजा करते का?”

आईच्या हातातला अडकित्ता थांबला. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे, हो म्हणून.

“रजिस्टर करू,” ते म्हणाले. “चार माणसं. गौरांगरावाले सांगतो, गाडी मागच्या बोळीतच लावा. पुढं जागा राहत नाही.”

पुढे जागा राहत नाही हे खरंच आहे. पण माझ्या पहिल्या लग्नात त्याच गल्लीत घोडा नाचला होता.

वर्गात चाळीस पोरांवर खेकसणारी बाई मी, पण घरात तोंडातून शब्द निघेना. मला मांडव नको होता, घोडा तर नकोच होता. बाबांनी मला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांच्या देखत पुढच्या दारानं पाठवावं, एवढंच हवं होतं. आणि ते मागून घ्यायचं नव्हतं, कारण मागून घेतलेल्या मानाला काय चाटायचं आहे? गौरांगला सांगितलं तर तो म्हणाला, “मी दोन्हीकडे गाडी लावतो.” मी त्याच्यावरही चिडले.

त्याच आठवड्यात वैनगंगेची बातमी आली. बाबांच्या जुन्या सोबत्यांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे, त्यावर कुणीतरी टाकलं. पूर्वेकडच्या एका लहानशा देशाला सरकार वैनगंगा देऊन टाकणार होतं. त्या देशाकडे बेटं भरपूर आणि जहाजं कमी. तोफांसकट, इंजिनांसकट ती तिकडे जाणार होती. तिथे तिचा झेंडा बदलणार, रंग बदलणार, नावही बदलणार. बाबांनी समोरचं ताट सरकवलं आणि गच्चीवर जाऊन बसले.

“सवत सासरी चालली,” आई म्हणाली, “अन् हे इकडं उपाशी.”

संध्याकाळी समोरचे नत्थूजी ओट्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसले होते. ते मनाचे वाईट नाहीत, पण त्यांच्या जिभेला हाड नाही. म्हणाले, “बरं झालं गा रामाजी. सेकंडहँड माल. नाही त भंगारातच गेला असता.”

बाबा ओट्यावरून ताडकन उठले. “नत्थूजी, तोंड सांभाळा! तिनं काय काय पाहिलं, तुमाले मालूम आहे का? कोणाले सेकंडहँड म्हणून राहिले?” बाबांचा आवाज इतका चढलेला मी आजवर ऐकला नव्हता. गल्लीतली दारं पटापट उघडली. नत्थूजी खर्रा तसाच टाकून घरात गेले.

मी आत कणीक मळत होते. तोच शब्द आत्यानं माझ्यासाठी वापरला होता तेव्हा याच माणसानं मान हलवली होती. मी गोळा परातीत असा आपटला की आई म्हणाली, “कणकीनं तुहं काय वाईट केलं वं?”

नौदलात एक रीत आहे. काम सोडून जाणारा माणूस येणाऱ्याच्या हातात नुसत्या किल्ल्या देत नाही. शेजारी बसवून त्याला सगळं सांगतो: काय कुरकुरतं, काय अडतं, कुठे हात जपून लावायचा. याला ते चार्ज देणं म्हणतात. गटावर ठरलं, की वैनगंगेच्या जुन्या लोकांनी तिकडच्या नव्या खलाशांना आपापला चार्ज द्यायचा. रविवारी दुपारी बाबा माझ्यासमोर येऊन बसले. “मी सांगतो, तू इंग्रजीत कर,” म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. बाबांनी घसा साफ केला.

“लिव. तिले डावीकडं वळवताना घाई करू नका. ती वेळ घेते. तुमाले वाटन ऐकत नाही. ऐकते. थोडं थांबा.”

मी लिहिलं.

“समोरच्या डेकवर डाव्या अंगाले एक पोचा आहे. बंदरात दुसऱ्या जहाजानं ठोकलं होतं, तिची चूक नव्हती. कितीही रंग मारा, दिसते तो. दिसू द्या. त्यावरून तिले कमी समजू नका.”

माझी बोटं हळू चालायला लागली. बाबांचं लक्ष नव्हतं. ते खिडकीकडे पाहत होते, पण पाहत होते ते काही तांडापेठ नव्हतं.

“मोठ्या लाटेत ती पहिले खाली जाते. लय खाली. नव्या पोरायले वाटते, गेली आता. घाबरू नका. ती वर येते. मी होतो तवा दर बारीले वर आली.”

मी लिहीत राहिले. अक्षरं धूसर दिसत होती.

“अन् शेवटचं. तिच्याबद्दल कोणी जुनी-बिनी म्हणलं त ऐकून घेऊ नका. कोरं करकरीत जहाज अन् वादळातून आलेलं जहाज, यातलं एक निवडाले लावलं त मी तिच्यावरच पाय ठेवीन. तुमाले नशिबानं भेटली ती. मानानं ठेवजा.”

मी लॅपटॉप मिटला.

“झालं का लिवून?”

“बाबा, तुमाले हे सारं बोलता येते?” माझा आवाज फाटला. “मग आत्यासमोर काहून नाही बोलले? तिनं मले सेकंडहँड म्हटलं. तुम्ही मान हलवली. लोखंडासाठी नत्थूजीशी भांडले, अन् माह्यासाठी मागची बोळ?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. म्हणजे आई ऐकत होती. बाबांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. दोरांनी घासून त्या हातांवरच्या रेषाच गेल्या आहेत.

“जहाजाबद्दल बोलणं सोपं असते, मयुरा,” ते म्हणाले. “ते आपल्या तोंडाकडं पाहत नाही.”

त्यांनी तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवले.

“तू ऑटोतून उतरली त्या दिवशी तुहं तोंड पाहिलं मी. मले वाटलं, हे लोकायनं नको पाहाले. लाज नव्हती वाटली मले तुही. कधीच नाही वाटली. मी फक्त झाकून घेतलं तुले.”

“मले कसं समजन ते, बाबा? कडी लावली तुम्ही. बोलले काहीच नाही.”

ते उठून कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलं होतं. मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि राहिलेलं इंग्रजी पूर्ण केलं. ‘मानानं ठेवजा’ला चांगलं इंग्रजी सापडेना. जे सुचलं ते लिहिलं आणि पाठवून दिलं.

हस्तांतराचा सोहळा तिकडच्या बंदरात होता आणि तो इंटरनेटवर दाखवणार होते. सौरवनं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. बाबांनी पांढरा शर्ट, पांढरी पँट इस्त्री करून घातली, छातीवर पदकं लावली आणि खुर्चीत ताठ बसले. तेवढ्यात आई ताट घेऊन आली. ताटात कुंकू, तांदूळ, नारळ आणि हिरवा खण.

“हे काय करून राहिली?” बाबांनी विचारलं.

“ओटी भरून राहिली. सवत असली म्हणून काय झालं? जन्मभराची ओळख आहे. रिकाम्या ओटीनं कशी धाडाची?”

आणि आईनं खरोखरच बोटावर कुंकू घेऊन टीव्हीवरच्या वैनगंगेच्या कपाळाला, म्हणजे जिथे तिला कपाळ वाटलं तिथे, लावायला हात पुढे केला. नेमका तेव्हाच कॅमेरा फिरला आणि कुंकू एका परदेशी पाहुण्याच्या नाकावर लागलं. पुढचा सगळा सोहळा आम्ही त्या लाल ठिपक्यासकट पाहिला. बाबांनी तो पुसू दिला नाही.

आपला झेंडा हळूहळू खाली आला. आपलं राष्ट्रगीत वाजलं तेव्हा बाबा उभे राहिले, म्हणून आम्हीही राहिलो. आपले खलाशी एकेक करून उतरले. मग त्यांचे खलाशी चढले, त्यांचा झेंडा वर गेला, त्यांचा बँड वाजला. नाकापासून शेपटापर्यंत सगळं जहाज रंगीबेरंगी पताकांनी सजवलेलं होतं. शेवटी नवा कप्तान शिडीवरून चढायला लागला आणि ती शिट्टी वाजली, आमच्या देवघराशेजारच्या शिट्टीसारखीच.

“पोराचा दम कमी पडला,” बाबा पुटपुटले. त्यांचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

“बाप्पा! एवढा थाट?” आई म्हणाली. “वापरलेल्या जहाजासाठी?”

“मंग?” बाबा म्हणाले. “पहिल्यांदा असो का दुसऱ्यांदा, झेंडा चढला की बँड वाजतेच. त्यात कमी-जास्त करत नाही कोणी.”

म्हणाले आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. मी खाली सांडलेले तांदूळ वेचत होते. मुद्दामच वर पाहिलं नाही.

त्यानंतर घरात काही बदललं असं नाही. रजिस्टर ऑफिसची तारीख तीच राहिली, माणसं चारच राहिली. गाडी बोळीत लावायची, हेही बाबांनी गौरांगला फोन करून पुन्हा बजावलं. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, मयुरा. म्हाताऱ्याचं प्रेम आहे ना, मग ते कुठल्या दारानं का येईना. पण ते मला पटलं नव्हतं. बाबा रोज दुपारी कुठेतरी गायब व्हायचे. देवघराशेजारचा खिळाही रिकामा दिसला. आईला विचारलं तर म्हणाली, “पॉलिश करून राहिले असतील. त्यायले दुसरं काम काय आहे?”

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आजोबांनी विणलेली साडी नेसले. आईच्या लग्नातली, लाल काठांची. केसांत गजरा माळत होते तेवढ्यात गौरांगचा फोन आला.

“मी बोळीत उभा आहे,” तो म्हणाला. “केव्हाचा दार वाजवतोय. कुणी उघडतच नाही.”

मी मागे गेले. दाराला आतून कडी होती आणि कडीला कुलूप होतं. साधं नाही, बाबांच्या नौदलातल्या पेटीचं जुनं पितळी कुलूप. “आई, किल्ली?” मी ओरडले.

“बापाले विचार,” आई म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, कळलं नाही.

“कुठे आहेत बाबा?”

“पुढं.”

मी पुढच्या खोलीत आले. पुढचं दार सताड उघडं होतं. आमच्या गच्चीपासून नत्थूजींच्या गच्चीपर्यंत दोर ताणलेला होता आणि त्यावर पताका फडफडत होत्या. लाल, पिवळ्या, निळ्या, चौकटीच्या, पट्ट्यांच्या. तशाच, वैनगंगेवर होत्या तशा. नत्थूजी शिडी धरून उभे होते. मला पाहून ओरडले, “रोज दुपारी माह्या घरी शिलाई मशीन चालवून राहिला तुहा बाप! माह्या बायकोले झोपू नाही दिलं त्यानं!”

ओट्यांवर सगळी गल्ली बसली होती. इंदूआत्या ऑटोतून उतरून तिथेच उभी राहिली होती, एक पाय अजून ऑटोत. “रामा, हे काय करून राहिला?” ती म्हणाली. बाबा पायरीपाशी उभे होते, पांढऱ्या कपड्यांत, पदकं लावून, टाचा जुळवून. गौरांग बोळीला वळसा घालून धावत आला. हे सगळं पाहून तोही जागच्या जागी ताठ उभा राहिला. सावधान कसं उभं राहायचं हे त्याला येत नव्हतं, पण त्यानं जमेल तसं केलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सरळ तोंडाकडे. नजर हलवली नाही. मग खिशातून शिट्टी काढली आणि ओठांना लावली.

एक बारीक, उंच सूर गल्लीवर पसरला. मी उंबरठ्यावर उभी होते आणि माझा पाय उचलेना. तीन वर्षं जे मागायचं नाही असं ठरवलं होतं, ते समोर उभं होतं आणि मी तिथेच उभी राहून नुसती रडत होते. सूर चालूच होता. बाबांची मान लाल झाली, कपाळावरची शीर फुगली. सत्तरी ओलांडलेला माणूस, थंडीत दोन जिने चढला तरी धापा टाकणारा. पण नळी ओठांवरून हलली नाही, सूर तुटला नाही.

पाठीत आईच्या कोपराचा धक्का बसला.

“चाल ना वं माय!” ती रडत ओरडली. “तू पाय ठेवल्याबिगर ते दम घेत नाहीत!”

मी पाय उचलला आणि गल्लीत ठेवला. तेव्हा कुठे बाबांनी शिट्टी खाली घेतली आणि श्वास घेतला.